वाचकांचे प्रश्न : गुलाम दक्षिणेत, मग भांडण पश्चिमेच्या जमिनीवरून कसं?

प्रश्न : सर, नमस्कार. पोरीच्या पुस्तकात वाचलं का अमेरिकेत गुलामगिरीवरून देश फुटला, पण भांडण सारं पश्चिमेकडच्या नव्या जमिनीचं. गुलाम तर दक्षिणेत होते, मग हे मले काही जुळत नाही. आणि आमचे आबा सांगायचे, अमेरिकेतल्या लढाईपायी वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते खरं का?
– एक शेतकरी वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि तुम्ही पऱ्हाटीवाले आहात म्हणून कापसापासूनच सुरू करतो. माझी आजी देवाच्या वातींसाठी घरच्या कापसातली सरकी बोटांनी काढायची, तासभर बसली तरी मूठभर रुई निघायची. तिकडेही हीच अडचण होती, पण १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं आणि कापूस एकदम परवडायला लागला, मग लागवड वाढली, ती वेचायला माणसं लागली आणि ती माणसं म्हणजे गुलाम. १८६० च्या जनगणनेत साधारण ३९.५ लाख माणसं गुलाम होती. त्यात एकाच जमिनीत सतत कापूस घेतला की ती थकते हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून मळेवाले पश्चिमेकडे अलाबामा, मिसिसिपीकडे सरकत गेले आणि व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यातले मालक आपले गुलाम तिकडे विकायला लागले. बायको इकडे, नवरा तिकडे, लेकरू तिसऱ्याच्या घरी. नवं वावर निघालं की माणसाचा भाव वाढायचा, हे लक्षात घेतलं की निम्मं कोडं सुटतं.

उरलेलं निम्मं मतांचं. त्यांच्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकी दोनच माणसं. १८१९ मध्ये गुलामीची ११ आणि बिनगुलामीची ११ राज्यं होती, बरोबरी. तेवढ्यात मिसुरी गुलामांसकट आत यायला निघालं. १८२० मध्ये तडजोड झाली, मिसुरीसोबत मेन हे बिनगुलामीचं राज्य घेतलं आणि फ्रान्सकडून १८०३ मध्ये विकत घेतलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांवर एक रेघ मारली, मिसुरी सोडून रेघेच्या वर गुलामी नाही. आपल्या भाषेत धुरा, म्हणजे बांध, घातला. (ही जमीन रिकामी नव्हती बरं का, तिथल्या मूळ रहिवाशांना कोणी विचारलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.)

१८४८ मध्ये मेक्सिकोला हरवून आणखी मोठा मुलूख मिळाला, तिथे ती रेघ लागूच नव्हती, आणि कॅलिफोर्नियात सोनं निघालं. पुन्हा तडजोड, १८५० ची. पण हा धुरा खरा मोडायला लागला तो १८५४ मध्ये, सिनेटर स्टीफन डग्लसने कायदा आणला की रेघेच्या वरच्या कॅन्सस, नेब्रास्कात गुलामी हवी की नको ते तिथल्या लोकांनीच मत देऊन ठरवावं. ऐकायला बरं वाटतं, पण झालं काय, १८५५ च्या निवडणुकीत कॅन्ससमध्ये नोंदलेले मतदार २,९०५ आणि मतं पडली सहा हजारांच्या वर, मिसुरीतून हत्यारबंद लोक येऊन मतं टाकून गेले. मग घरं जळली, खून पडले. याच कॅन्ससवर बोलला म्हणून मे १८५६ मध्ये चार्ल्स सम्नर या सिनेटरला प्रेस्टन ब्रूक्स नावाच्या दक्षिणेतल्या खासदाराने सभागृहातच काठीने मारलं, सम्नरचे पाय टेबलाखाली अडकले होते, टेबल जमिनीला स्क्रूने ठोकलेलं, काठी तुटली तरी हा मारतच राहिला. आणि दक्षिणेतून लोकांनी ब्रूक्सला नव्या काठ्या भेट पाठवल्या! देश मनातून फुटला तो इथे, असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या मुलखात गुलामीला बंदी घालायचा संसदेला अधिकारच नाही. म्हणजे धुराच गेला.

आबांचं म्हणणं खरं आहे. १८६१ मध्ये उत्तर-दक्षिण लढाई लागली, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्या कापसाला तरसल्या आणि वऱ्हाड, हिंगणघाटच्या कापसाचा भाव भडकला. १८६५ मध्ये लढाई संपली तसा भाव पडला.

प्रश्न : लिंकन तर म्हणाला होता, आहे तिथल्या गुलामीला हात लावणार नाही. मग राज्यं फुटली कशाला? आमचा भाचा म्हणतो, राज्यांच्या हक्कासाठी.
– एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, १८६० मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या लिंकनचं म्हणणं एवढंच होतं की नव्या जमिनीत गुलामी जाऊ द्यायची नाही, पण दक्षिणेला तेवढंच पुरेसं होतं, कारण राज्यांची गिणती पुढे कायमची विरोधात जाणार होती. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलिना फुटलं, फेब्रुवारीपर्यंत सात राज्यं झाली. हक्काचं म्हणाल तर पळालेला गुलाम उत्तरेतून धरून आणायचा १८५० चा केंद्राचा कायदा याच लोकांना हवा होता, तेव्हा उत्तरेच्या राज्यांचा हक्क कोणी विचारला नाही. आणि मिसिसिपीने फुटताना जे कारण लिहून दिलं त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे बांधलेली आहे. भाच्याला तेवढं वाचायला द्या.