अंदाजे उत्तरांचं गणित शिकून पुढे काय?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला, विषय गणित. प्रोजेक्टसाठी अ‍ॅसिम्प्टॉटिक मेथड्स, म्हणजे नेमकं उत्तर अवघड असतं तिथे त्याच्या जवळचं उत्तर काढायच्या पद्धती, घेतल्या आणि आता यातच पुढे शिकायचं म्हणते. घरच्यांचं मत, बी.एड. करून मोकळी हो. ‘अंदाजे उत्तरं काढणाऱ्याला नोकरी कोण देणार?’ असं ते विचारतात.

नमस्कार. तुमची खरी काळजी त्या ‘अंदाजे’ची आहे, म्हणून आधी तेच बघू. १ ते १० आकड्यांचा गुणाकार ३६,२८,८००. असे गुणाकार अंदाजे काढणाऱ्या स्टर्लिंगच्या सूत्राने तो ३५,९८,६९६ येतो, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी तूट. सूत्रात पुढचं एकच पद धरा, तीस हजारांची ती तूट ११५च्या आसपास येते. पण पदं वाढवतच राहिलात, तर एका टप्प्यानंतर उत्तर सुधारायचं सोडून बिघडायला लागतं. कुठे थांबायचं आणि थांबल्यावर चूक किती उरते, हे सांगता येणं हीच यातली विद्या. याला अदमासपंचे म्हणू नका.

या विद्येचा उपयोग बघा. १९०४ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या गणित परिषदेत शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी दाखवलं, की हवेचा चिकटपणा पृष्ठभागालगतच्या पातळ थरापुरता धरला तरी भागतं. विमानाच्या पंखांचं गणित त्यामुळे आवाक्यात आलं. आणि तुमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. कृष्णविवरांसारख्या जड वस्तू एकमेकांभोवती फिरताना या लहरी उठतात. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांसाठी आइनस्टाइनची समीकरणं कागदावर नेमकी सुटत नाहीत. त्यांचा वेग प्रकाशाहून बराच कमी आहे तोवर एकेक पद काढत पुढे जावं लागतं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ बाला अय्यर यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत हेच काम केलं. या लहरी ओळखायला अशी गणितं लागतात. तिला हे नक्की सांगा, हुरूप येईल.

आता नोकरीचं. या विषयाच्या नावाने जाहिरात निघत नाही, हे स्पष्टच सांगते. त्याला जोड लागते: द्रवगतिकी (पाणी, हवा कशी वाहते त्याचं शास्त्र), हवामान, खगोल, यांपैकी एखादा विषय आणि सोबत पायथॉन ही संगणकाची भाषा. नुसतं शुद्ध गणित धरून बसली तर बहुतेक प्राध्यापकीच उरेल, आणि तिथल्या जागांची अवस्था तुम्ही जाणताच.

म्हणून यंदा तिला जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊ द्या. आयआयटीच्या एम.एस्सी.ची वाट तिथून जाते. अर्ज साधारण सप्टेंबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. रिअल अ‍ॅनालिसिस आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की हवीत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर व्याख्यानं फुकट आहेत. पुढे पीएच.डी. करायची झाली तर सीएसआयआर-नेट या परीक्षेतून फेलोशिप मिळवता येते, घरावर भार पडत नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, तो दरवाजा बंद होत नाही.

जोडीचा विषय मात्र तिचा तिला निवडू द्या. त्याआधी द्रवगतिकीची दोन-चार व्याख्यानं ऐकून बघ म्हणावं.