भाडेकरूंना वायफाय द्यायचं, पण कुणाच्या नावावर?

प्रश्न: नमस्कार दादा, आमचं घर फोंड्याला, फर्मागुडीच्या बाजूला. वर चार खोल्या काढल्यात, इंजिनिअरिंगची पोरं राहतात. आधी लोक पाण्याचं विचारायचे, आता दारात उभं राहूनच "काकू, वायफाय आहे?" आमच्याच राउटरचा पासवर्ड देऊन डोकी ३०० रुपये घेतले तर चालेल का? एकाला लॅण्डलाईन पण हवीय.
– एक घरमालकीण

उत्तर: ताई, घरचा पासवर्ड अजिबात देऊ नका. कनेक्शन तुमच्या नावावर, म्हणजे उद्या वरच्या एखाद्या पोराने भलतंच काही केलं तर पोलीस आयपी ॲड्रेसवरून (म्हणजे नेट कनेक्शनच्या नंबरावरून) आधी तुमच्याच दारात येणार, शिवाय तुमचे फोन-टीव्ही त्याच नेटवर्कवर. आणि डोकी ३०० म्हणजे नेट पुढे विकणं झालं, घरगुती प्लॅनच्या अटीत बहुतेक ते चालत नाही. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेत दुकानदारसुद्धा लायसन्सशिवाय वायफाय विकू शकतो, पण तेही नोंदणी असलेल्या ॲग्रीगेटरमार्फत (अशा अनेक दुकानांचं वायफाय सांभाळणाऱ्या कंपनीमार्फत), चार खोल्यांसाठी एवढा खटाटोप कशाला!

मी तर म्हणेन पोरांनाच त्यांच्या नावावर कनेक्शन घेऊ दे, तुम्ही फक्त भाडेकरार, ना हरकत पत्र आणि वायर न्यायला वाट द्या. पोरं दरवर्षी बदलतात, तेवढी एक कटकट आहे खरी.

आता चिऱ्याच्या भिंती. राउटर एका टोकाला असला तर चौथ्या खोलीत रेंज मिळणं कठीण, त्यात वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा जलद सिग्नल तर भिंतीत आणखीच अडतो. त्यापेक्षा लॅन केबल ओढून मधल्या पॅसेजमध्ये एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुढे पसरवणारा डबा, लावा. केबल घरातूनच न्या हां, बाहेरून नेली तर पावसाळ्यात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून राउटर जळायची भीती. नेट घरात आणणारी फायबरची तार काचेची, तिच्यातून करंट येत नाही, पण राउटरचा ॲडॅप्टर प्लगमध्येच असतो ना, गडगडायला लागलं की काढून ठेवायचा.

लॅण्डलाईन त्याच फायबरच्या डब्याला लागते, मागे फोनचं भोक असतं, नंबर ०८३२ चाच. फक्त जुन्या तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजमधूनच करंट यायचा, लाईट गेली तरी फोन चालू. हा डबा लाईट गेली की मेला, म्हणून छोटा यूपीएस लावायला सांगा त्या पोराला, त्याच्याच पैशांनी.