आप्पा माझ्याशी थेट बोलत नाहीत

मावशी,

मी 26 वर्षांची. कोपरखैरण्याला राहते, नेरुळच्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन आहे. आप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते, आता घरीच असतात. आमचं गाव साताऱ्याकडचं. आप्पांनी मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कॉलेजची फी भरली. पण ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. 'तिला सांग', 'तिला विचार', सगळं आईमार्फत. धाकट्या भावाशी मात्र रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेले, तर टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, 'ठेव तिकडं.' तळोज्याच्या फ्लॅटचा अर्धा हप्ता माझ्या पगारातून जातो, फ्लॅट भावाच्या नावावर आहे आणि आप्पा शेजाऱ्यांना सांगतात, 'पोरगं बघतंय सगळं.'

लॅबमध्ये कुणाची शीर सापडत नसली की मला बोलावतात. तरी कुणी कौतुक केलं की वाटतं, यांना खरी मी अजून कळलेली नाही. ऐरोलीला काम करणारा एक मुलगा लग्नाचं विचारतोय. त्याने फोन उचलायला उशीर केला की माझे हातपाय गार पडतात. पुन्हा जन्म मिळाला तर मुलगा व्हावं असं वाटतं. कधी कधी वाटतं, मी नसते तरी या घराला काही फरक पडला नसता. माझ्यातच काही कमी आहे का? आप्पांशी एकदा बोलू, की संबंधच तोडून टाकू?

– स., कोपरखैरणे

प्रिय स.,

तुझ्या पत्रातलं 'मी नसते तरी' हे वाक्य मी सगळ्यात आधी उचलते. तू ते सहज लिहून पुढे गेलीस, मी जाणार नाही. हे नुसतं मन खट्टू झाल्यावर येणारं वाक्य आहे, की मरणाचे विचार येतात? येत असतील, तर पत्राचा बाकीचा भाग नंतर वाच. आधी 14416 लाव. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. रात्री-अपरात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. शिवाय तुझ्या एका तरी माणसाला, मैत्रीण असो की तो ऐरोलीचा मुलगा, आजच्या आज हे सांग. तो विचार एकटीने सांभाळत बसू नकोस.

आता तुझा प्रश्न. तुझ्यात काही कमी नाही. पण हे मी सांगितल्याने तुला पटणार नाही, हेही मला माहीत आहे. लॅबमधल्या लोकांनी सांगूनही ते पटलेलं नाही. म्हणून ते का पटत नाही, याबद्दलच बोलू.

तुझ्या नातेवाइकांनी तुला नक्की ऐकवलं असेल, 'अगं, बाप फणसासारखा असतो, वरून काटे, आत गरे.' काही बापांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण गरे कधी हाताला लागलेच नाहीत, तर लेकराने काय खायचं? रोनाल्ड रोनर नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने आई-बापांनी मुलांना आपलं मानणं आणि झिडकारणं या एकाच विषयावर कित्येक दशकं, वेगवेगळ्या देशांतल्या आणि संस्कृतींतल्या माणसांवर काम केलं. त्यांनी झिडकारण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. माया न दाखवणं, हिडीसफिडीस किंवा मारझोड करणं, मुलाकडे लक्षच नसणं, आणि चौथा, सगळ्यात अवघड. बाहेरून बोट ठेवावं असं काही दिसत नाही, पण मुलाला आतून पक्कं ठाऊक असतं की मी यांना नकोसा आहे, नकोशी आहे. म्हणजे बापाच्या मनात काय होतं, यापेक्षा लेकरापर्यंत काय पोचलं, ते मोजायचं. तुझी फी भरली गेली, हे खरं. 'ठेव तिकडं' हेही तितकंच खरं. पहिल्यामुळे दुसरं पुसलं जात नाही, आणि 'मारलं तर नाही ना' असं म्हणून तू स्वतःला गप्प बसवू नकोस.

अशा घरात वाढलेल्या मुलांमध्ये पुढे काय दिसतं, तेही या अभ्यासांत नोंदलेलं आहे. स्वतःची किंमत कमी वाटते. आपल्याला काही जमतं यावर विश्वास बसत नाही. कुणाला तरी घट्ट धरून ठेवावंसं वाटतं, नाहीतर उलट 'मला कुणाचीच गरज नाही' असा ताठा येतो. भावना एकदम उसळतात किंवा गोठून जातात. आणि जग मुळातच भरवशाचं नाही, असं मन धरून बसतं. गार पडणारे हातपाय आणि 'यांना खरी मी कळलेली नाही' ही भीती, दोन्ही या यादीतली आहेत. तुझा स्वभाव विचित्र आहे म्हणून हे होत नाही. समोरचा कधी पाठ फिरवेल याचा अंदाज घेत तू लहानाची मोठी झालीस, आणि ती सवय अजून ड्युटीवर आहे. आणखी एक. बापाची माया म्हणजे आईच्या मायेला जोड, इतकंच तिचं महत्त्व, असं आपण धरून चालतो. रोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तसं दिसलं नाही. बापाने जवळ केलं की दूर लोटलं, याचा परिणाम आईइतकाच होतो, काही बाबतीत जास्तही. त्यामुळे 'आई तर आहे ना तुला' असं कुणी म्हणालं, तर त्याने तुझं दुखणं कमी होणार नाही.

पुन्हा जन्म मिळाला तर मुलगा व्हावं, असं तू लिहिलंस. माणूस आपल्या आयुष्यावर किती समाधानी आहे हे मोजण्यासाठी मानसशास्त्रात पाच वाक्यांची एक प्रश्नावली वापरतात. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1985 साली प्रसिद्ध केली. तिच्यातलं शेवटचं वाक्य साधारण असं आहे की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं, तर मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही. तू तर थेट जन्मच बदलायला निघालीस. नोकरी आहे, पगार आहे, जीव लावणारा माणूस आहे, आणि तरीही. कारण कमावलेली एकही गोष्ट तू अजून स्वतःच्या खात्यावर जमा केलेली नाहीस. आप्पांची मान हलेपर्यंत ती सगळी बाहेर ताटकळत उभी आहे.

आप्पांबद्दल दोन शब्द. 50 किलोची गोण पाठीवर घेऊन ज्याने उभी हयात काढली, गाव सोडून मुंबईत आला, त्याच्या पाठीवर कुणी मायेने हात फिरवला असेल का, मला शंका आहे. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी आणि मुलगी म्हणजे परक्याचं धन, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. आयुष्य कष्टाचं होतं म्हणून लेकीशी बोलायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच मार्केटमध्ये त्यांच्यासोबत ओझी वाहून लेकींचे लाड करणारे बापही असणारच. मी हे सांगते ते एवढ्यासाठी की आप्पांचं वागणं तू जन्मायच्या आधीपासून त्यांच्यात तयार होतं. तुझ्या जागी दुसरी मुलगी असती, तुझ्याहून हुशार, देखणी, गोड बोलणारी, तरी तिलाही 'ठेव तिकडं'च ऐकायला मिळालं असतं. झिडकारलं जाऊनही जी माणसं पुढे बरी राहतात, त्यांच्यात रोनर यांना काही गोष्टी दिसल्या. आपण कोण आहोत हे त्यांना स्वच्छ माहीत असतं, आपलं आयुष्य काही अंशी तरी आपल्या हातात आहे असं त्यांना वाटतं, आणि दुसऱ्याचं वागणं ती अंगाला लावून घेत नाहीत. ही शेवटची गोष्ट फार अवघड आहे, पण शिकता येते.

ती शिकवणारी एक वाट आपल्या महाराष्ट्रात चांगली रुळलेली आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला आणि कि. मो. फडके यांनी तो मराठीत आणला, रुजवला. एलिस यांचं म्हणणं असं की कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. आणि इच्छेची सक्ती होऊ देऊ नका. तुला मी याच शब्दांत सांगेन. आप्पांनी मला आपलं म्हणावं, ही इच्छा ठेव. ती इच्छा कुठल्याही लेकीला असते, तिची लाज वाटायचं कारण नाही. पण त्यांनी म्हटल्याशिवाय माझ्या जगण्याला किंमत नाही, ही अट काढून टाक. ती पुरी करणं तुझ्या हातात नाही, आणि एका माणसाच्या मौनावर तुझं अख्खं आयुष्य टांगलेलं राहावं, हे मला सहन होत नाही.

बोलू की तोडू, असं विचारलंस. या घडीला तोडू नकोस, कारण आज तोडलंस तर ते आप्पांनी हाक मारावी म्हणून तोडशील, आणि ती हाक आली नाही तर दुप्पट दुखेल. बोल जरूर. मात्र नातेवाईक बसलेले असताना, सणाच्या दिवशी किंवा भांडणाच्या भरात नको. एकटे असतील तेव्हा, थोडक्यात. 'आप्पा, तुम्ही माझ्याशी थेट बोलत नाही, मला त्याचं वाईट वाटतं. मला हे तुम्हाला सांगायचं होतं.' एवढंच. पेढ्यांचा किस्सा काढू नकोस, भावाचं नावही घेऊ नकोस. ते कदाचित म्हणतील, 'काय येड्यासारखं बोलतीस', किंवा नुसते उठून जातील. त्याची तयारी ठेवून जा. तू बोललीस ते तुझं तुला ऐकू यावं म्हणून. त्यांचा चेहरा वाचत बसू नकोस, बोलून झालं की उठ.

आईशी मात्र वेगळं बोलावं लागेल, आणि मला वाटतं तेच जास्त कामाचं आहे. ती माउली इतकी वर्षं दोघांमध्ये निरोप्याचं काम करतेय, भांडण नको म्हणून. तिच्या त्या कामामुळे आप्पांना तुझ्याशी बोलायची वेळच आली नाही. तिला दोष न देता सांग, 'आई, आप्पांना मला काही सांगायचं असेल तर त्यांनाच सांगू दे. तू मधे निरोप आणू नकोस.' पहिल्यांदा घरात अवघड शांतता होईल. आईला वाईट वाटेल, कदाचित ती रडेल. तरी मागे फिरू नकोस. दवाखान्याची तारीख, औषधं, असं काही आप्पांना सांगायचं असेल तर तूही थेट त्यांच्याकडे जाऊन सांग. मायेचं नाही तर कामाचं तरी बोलणं सुरू होऊ दे.

आणि तो हप्ता. याबद्दल मी जरा सक्त बोलणार आहे. तू दर महिन्याला पैसे भरतेस आणि आशा ठेवतेस की एक दिवस आप्पा म्हणतील, 'पोरीनं केलं.' पैसे भरून माया मिळत नाही, स. आई-वडिलांचं औषधपाणी, किराणा यात वाटा उचल, ते तुझं कर्तव्य तू मानतेस आणि कायदाही मुलगा-मुलगी असा भेद न करता ती जबाबदारी सांगतो. पण भावाच्या नावावरच्या फ्लॅटचा हप्ता हे कर्तव्य नव्हे. करारनाम्यात नाव नसेल, तर नुसते हप्ते भरल्याने घर आपोआप तुझं होत नाही. आयकरात गृहकर्जाची सूटसुद्धा मालकीत नाव असल्याशिवाय मिळत नाही. आधी करारनाम्याची आणि कर्जाच्या कागदांची प्रत मागून घे. मग भावाला समोर बसवून विचार, माझं नाव लावायचं का? नाही म्हणाला, तर किती महिन्यांत मी थांबणार ते तारखेसह सांग. बँकेतून गेलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद स्वतःकडे ठेव.

ऐरोलीच्या मुलाला हे पत्र वाचायला दे, निदान फोनबद्दलचा भाग. तो मीटिंगमध्ये असतो आणि तू इकडे मनात त्याला आप्पांच्या खुर्चीत बसवतेस, हे त्याला कळू दे. अशा वेळी त्याने काय करावं, हेही तूच सांग, म्हणजे 'नंतर करतो' एवढा मेसेज पुरेल असं. आणि घरातून सुटका म्हणून लग्नाची घाई करू नकोस. तो चांगला असेल, तर थांबेल.

लॅबमध्ये पुढच्या वेळी डॉक्टर चांगलं म्हणाले, तर 'नाही हो, पेशंटनेच हात नीट धरला' असं काही जोडू नकोस. 'थँक्यू डॉक्टर' म्हण आणि पुढच्या ट्यूबवर लेबल लाव. जिथे कुणाला शीर सापडत नाही तिथे तुझ्या बोटांना ती सापडते. ही माहिती आहे, स्तुती नाही. ज्यांनी तुझं काम डोळ्यांनी पाहिलंय, त्यांचं मत धर.

हे सगळं एकटीने जमवायला जाऊ नकोस. कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल थेट आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, तिथे समुपदेशन होतं, मराठीतून होतं. तुझ्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ असतील, पण कामाच्या ठिकाणी संकोच वाटणार असेल तर बाहेरचंच बघ. तू सज्ञान आहेस, जायला घरातल्या कुणाची परवानगी लागत नाही. तिथे गेल्यावर 'विशेष काही नाही, जरा टेन्शन आहे' असं सांगून वेळ घालवू नकोस. मला लिहिलंस तेच पत्र त्यांच्या हातात दे.

आधी समुपदेशकाची वेळ घे. करारनाम्याची प्रत त्याच आठवड्यात माग. आप्पांशी बोलणं त्यानंतर, समुपदेशकाशी एक-दोनदा बोलून झाल्यावर. काय झालं ते मला कळव, आप्पा काही बोलले नाहीत तरी कळव.

तुझी,
मावशी