हिब्रू बायबलमधल्या 'हाशव' या क्रियापदाचा नेमका अर्थ काय? विचार करणे, योजना आखणे की कट रचणे?

तुमचा प्रश्न उत्पत्ती ५०:२० वरून आलाय. ज्या भावांनी त्याला विकलं होतं त्यांना योसेफ म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवानं ते चांगल्यासाठी योजलं. मूळ हिब्रूत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे का, आणि त्याचा अर्थ 'कट' घ्यायचा की 'योजना', असं तुम्ही विचारलंय.

क्रियापद एकच आहे. हेथ, शिन, बेथ या तीन व्यंजनांचा धातू, उच्चार साधारण 'हाशव': 'ह' घशातून घासून काढायचा, आणि शेवटचा 'ब' स्वरानंतर मऊ होऊन 'व' होतो. हिब्रू बायबलमध्ये हे क्रियापद सव्वाशेच्या आसपास वेळा येतं. गाभ्याचा अर्थ 'मनात हिशेब मांडणे'. हिशेब समोरच्या माणसाचा किंवा वस्तूचा असेल तर मराठीत 'लेखणे, गणणे, समजणे'; पुढे करायच्या गोष्टीचा असेल तर 'बेत करणे, योजणे'. 'कट' हा अर्थ क्रियापदात मुळीच नाही, तो शेजारच्या शब्दांतून येतो.

आपला 'हिशेब' शब्द अरबी 'हिसाब'वरून आला, आणि तो अरबी धातू या हिब्रू धातूचा सख्खा भाऊ आहे (हिब्रू 'श' तिथे अरबी 'स', जसं शालोम आणि सलाम). म्हणून 'त्याच्या हिशेबी मी कोणीच नाही' असं आपण म्हणतो तेव्हा 'हाशव'च्या फार जवळ असतो. मात्र हे लक्षात ठेवायला सोयीचं, एवढंच. मराठी शब्दावरून हिब्रू वचनाचा अर्थ सिद्ध होत नाही.

आता वचन जवळून बघा. पहिला भाग: 'हशवतेम अलाय राआ'. हशवतेम म्हणजे तुम्ही योजलंत, अलाय म्हणजे माझ्यावर, राआ म्हणजे वाईट. दुसरा भाग: 'एलोहीम हशावाह लेतोवा'. एलोहीम म्हणजे देव, लेतोवा म्हणजे चांगल्यासाठी. 'हशावाह'च्या शेवटचा 'आह' हा कर्माचा प्रत्यय आहे, स्त्रीलिंगी एकवचनी: 'तिला'. हिब्रूत 'राआ' स्त्रीलिंगी, म्हणजे प्रत्यय तिच्याकडेच बोट दाखवतो. भावांनी जी गोष्ट वाईट म्हणून योजली, तीच देवानं चांगल्यासाठी योजली. प्रवचनांत पुष्कळदा 'देवानं वाईटाचं चांगलं करून टाकलं' असं सांगतात. त्यातून आधी भावांनी घोटाळा केला आणि मग देवानं तो निस्तरला, असा क्रम सूचित होतो. हिब्रूत तो क्रम नाही. एकाच घटनेवर दोघांचे दोन हेतू शेजारीशेजारी मांडलेत. माझ्या मते वचनाचं सगळं वजन त्या एका प्रत्ययावर आहे.

'अल' म्हणजे 'च्यावर', म्हणून पुष्कळजण 'हाशव' अधिक 'अल' दिसलं की 'विरुद्ध कट' असं सूत्र बांधतात. यिर्मया २९:११ ला ते सूत्र मोडतं. बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं हे प्रसिद्ध वचन: तिथेही 'हाशव' आहे, तिथेही 'अल' आहे, पण कर्म 'शालोम', म्हणजे कुशल. 'अल' फक्त रोख कोणावर आहे ते सांगतो. बरं की वाईट ते कर्म ठरवतं. मराठी बायबलमध्ये इथे 'संकल्प' शब्द आहे. चांगला आहे, पण जरा जास्त घट्ट वाटतो. कारण यिर्मया २६:३ मध्ये देव म्हणतो की लोक वाईट मार्गावरून वळले तर जे अरिष्ट आणायचं मी योजतोय त्याबद्दल मी मन बदलेन. तिथेही क्रियापद हेच. म्हणजे 'हाशव'मधला बेत मागे घेता येतो.

पुढे 'ल' लावलेलं क्रियापदाचं रूप आलं की अर्थ सरळ 'अमुक करायचा इरादा असणे'. १ शमुवेल १८:२५ मध्ये शौल दाविदाकडे हुंडा म्हणून शंभर पलिष्ट्यांच्या अग्रत्वचा मागतो, आणि लेखक सांगतो की दाविदाला पलिष्ट्यांच्या हातून पाडायचा त्याचा 'हाशव' होता. इथे 'विचार' असं भाषांतर केलं तर फार मिळमिळीत होतं.

'लेखणे' या अर्थासाठी एक रूप तीन ठिकाणी ताडून पाहा: 'वय्यहशवेहा'. उत्पत्ती १५:६, अब्रामाचा विश्वास त्याच्या लेखी नीतिमत्त्व गणला गेला ते वचन. उत्पत्ती ३८:१५, यहूदा तोंड झाकलेल्या तामारेला वेश्या समजतो. १ शमुवेल १:१३, पुटपुटत प्रार्थना करणाऱ्या हन्नेला एली याजक दारू प्यालेली समजतो. तिन्हीकडे अक्षरशः तेच रूप, आणि यहूदा व एली दोघेही सपशेल चुकलेत. म्हणजे 'हाशव' फक्त लेखणाऱ्याची बाजू सांगतं; लेखलेलं खरं आहे का, ते क्रियापद सांगत नाही. त्यामुळे १५:६ वरचा जुना वाद (अब्राम खरोखर नीतिमान होता की नुसता तसा धरला गेला) या एका शब्दावर मिटवू पाहणाऱ्यांचं मला पटत नाही. तिथे कर्ताही नावानं दिलेला नाही: १३व्या शतकातल्या रामबान या यहुदी भाष्यकारानं तर अब्रामानंच देवाचं वचन हे देवाचं नीतिमत्त्व म्हणून गणलं, असाही अर्थ लावला.

हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी इथे दोन वाटा केल्या. १५:६ ला त्यांनी 'लोगिझोमाई' घातलं, म्हणजे खात्यावर धरणे. ५०:२० ला 'बुलेउओमाई', म्हणजे बेत करणे. पौल रोमकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात १५:६ घेतो आणि लोगिझोमाई ११ वेळा वापरतो. रोमकरांसवरून मागे उत्पत्तीकडे येणाऱ्याला म्हणून फक्त खातेवही दिसते, योसेफाचं वचन त्याच धातूचं आहे हे ध्यानातच येत नाही.

आता सर्वात पसरलेली चूक. बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या १८९० च्या शब्दसूचीत हे क्रियापद २८०३ क्रमांकावर आहे, आणि तिथे मूळ अर्थ गुंफणे, विणणे असा दिलाय. त्यावरून 'देव तुमचं आयुष्य विणतो' अशी प्रवचनं निघतात. बायबलमध्ये या क्रियापदाच्या चालत्या रूपांचा अर्थ कुठेही विणणे असा होत नाही. गैरसमजाचं मूळ निर्गम २६ मध्ये असावं: निवासमंडपाच्या अंतरपटावरचे करूब हे 'मासे होशेव', म्हणजे होशेवचं ('हाशव'चंच एक रूप) काम, दाराच्या पडद्यावर 'मासे रोकेम', म्हणजे भरतकाम करणाऱ्याचं काम. तालमुद या यहुदी धर्मग्रंथात योमा ७२ब वर फरक सांगितलाय: रोकेमचं काम सुईचं, म्हणून आकृती एकाच बाजूला, होशेवचं मागावरचं, म्हणून दोन्ही बाजूंना. पण 'होशेव' हे कारागिराचं पद आहे, नक्षी आधी मनात बसवणारा माणूस. निवासमंडपाचा कारागीर बसालेल 'लाहशोव महशावोत', म्हणजे कलाकृती योजण्याचं काम, करतो (निर्गम ३१:४) ते सोनं, चांदी आणि तांब्यात, तिथे सूत नाहीच. २ इतिहास २६:१५ मध्ये उज्जीया राजाच्या बुरुजांवरची बाण-धोंडे फेकणारी यंत्रंही होशेवच्याच डोक्यातून निघालेली आहेत.

पिएल रूपात, म्हणजे मधलं व्यंजन दुहेरी होतं तेव्हा, हिशेब बऱ्याचदा खरोखर पैशांचा असतो. लेवीय २५:५० मध्ये गरिबीपायी विकला गेलेला माणूस आणि त्याचा धनी विक्रीच्या वर्षापासून योबेल वर्षापर्यंतची (योबेल म्हणजे दर पन्नासावं, सुटकेचं वर्ष) वर्षं मोजतात. समजा ४० वर्षं उरली असताना ४० शेकेलांना विकला गेला आणि १० वर्षं राबला, तर सुटायला ३० शेकेल. याच रूपात नीतिसूत्रे १६:९ आहे (माणसाचं मन आपला मार्ग योजतं), आणि योना १:४ ची गंमतही: वादळात जहाज 'हिश्शवा लेहिश्शावेर', शब्दशः जहाजानं फुटायचं योजलं. इंग्रजीत हे उतरवताना ओढाताण होते. आपल्याकडे 'जहाज फुटायच्या बेतात होतं' म्हटलं की काम झालं.

स्वतः तपासायचं असेल तर २८०३ सोबत २१६१ आणि ३२८९ हेही क्रमांक काढा. २१६१ 'झामम' म्हणजे एखादी गोष्ट करायचं मनाशी ठरवणे. अनुवाद १९:१९ चा खोटा साक्षीदार भावाचं जे करू पाहत होता ते याच शब्दात. तेही आपणहून वाईट नाही, नीतिसूत्रे ३१:१६ मधली गृहिणी शेत हेरून विकत घेते तिथेही हेच आहे. ३२८९ 'याअत्स' म्हणजे सल्ला देणे, मसलत करणे. मग प्रत्येक वचनात आधी कर्म शोधा, नंतर 'अल' की 'ल' ते बघा, आणि मराठी शब्द सगळ्यात शेवटी निवडा.