सासूबाईंना वाळीत टाकलंय का?

प्रश्न : सासूबाई माझ्या दिरांकडे परदेशी गेल्या होत्या. तिथे पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बारा दिवस हॉस्पिटलात काढले. परत आल्यावर जखमेतून पाणी यायला लागलं म्हणून इथे दाखल केलं. पहिलाच प्रश्न आला, ‘वर्षभरात परदेशात ॲडमिट होतात का?’ हो म्हणताच वेगळी खोली, दारावर पाटी, गाऊन आणि हातमोजे घातलेली नर्स. वर गुदद्वारातून स्वॅब! सासूबाई रडल्याच. ‘मला वाळीत टाकलंय,’ म्हणाल्या. ताप नाही, खोकला नाही, मग हे कशाला? आम्ही खरं सांगितलं हेच चुकलं का?

उत्तर : खरं सांगितलंत, फार बरं केलंत. पण दारावर पाटी लावण्याआधी कुणी खाटेजवळ बसून पाच मिनिटं समजावायला हवं होतं. ते झालं नाही, ही चूक आम्हा हॉस्पिटलवाल्यांची.

आता स्वॅबचं. आपल्या आतड्यात असंख्य जंतू सुखाने नांदतात. हॉस्पिटलात राहिलं, अँटिबायोटिक्स घेतली की औषधाने मरणारे कमी होतात आणि न मरणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. माणसाला काही होत नाही. तो खातो-पितो, हिंडतो. आम्ही त्याला ‘कॅरियर’ म्हणतो, पेशंट नव्हे. सासूबाई कॅरियर आहेत असंही मी म्हणत नाही. ते स्वॅबवरूनच कळेल.

हे तपासायचं कारण शेजारची खाट. मी लॅबमध्ये नवी होते तेव्हाची गोष्ट. परदेशात उपचार घेऊन आलेल्या एका पेशंटला कुणी काही विचारलंच नाही, साध्या वॉर्डात ठेवलं. तपासणीसाठी आम्ही जंतू बशीवर पसरतो, वर अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. त्याची बशी उघडली तर एकाही चकतीभोवती गोल नाही, सगळीकडे दुधाळ साय धरल्यासारखी. तीन आठवड्यांत आणखी दोघांच्या लघवीत तोच जंतू निघाला. दोघांचा त्याच्याशी संबंध काय, तर बेडपॅन धुण्याची एकच मोरी. तेव्हापासून दाखल होणाऱ्या माणसाला ‘कुठून आलात?’ हे विचारायला मी लाजत नाही.

आणि वेगळं ठेवून उपयोग होतो. इस्रायलमध्ये 2006 साली कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या जबर अँटिबायोटिक्सनाही न जुमानणाऱ्या क्लेबसिएला नावाच्या आतड्यातल्या जंतूची साथ हॉस्पिटलांमधून पसरली. 2007 पासून देशभर एकच नियम लावला : कॅरियर वेगळे, त्यांच्या नर्सेस वेगळ्या, आणि त्यांची नोंद सरकारकडे. महिन्याला दर लाख रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, तो एक रुग्णदिवस) 55.5 नवे रुग्ण सापडत होते, ते 11.7 वर आले. एकही नवं औषध न शोधता! नेदरलँड्समध्ये तर परदेशी हॉस्पिटलातून आलेल्याला स्वॅब निगेटिव्ह येईपर्यंत वेगळं ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. त्यात अपमान करायचा हेतू नसतो.

अपमानाचा मुद्दा मात्र देशांनाही लागू आहे. 2008 मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या जंतूत अँटिबायोटिक निकामी करणारं नवं एन्झाइम सापडलं. तो आधी भारतात हॉस्पिटलात होता, म्हणून एन्झाइमच्या नावात नवी दिल्ली घातली गेली. इथे संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. गावाचं नाव रोगाला चिकटवलं की पुढच्या वेळी गाव आकडे दाखवायला कचरतं. जंतू दडवलेल्या आकड्यांवरच पोसतात.

सासूबाईंना सांगा : हात धरून बोलायला हरकत नाही. नातवंडांना घरी मांडीवर खुशाल घेऊ देत. फक्त संडासनंतर साबणाने नीट हात धुवायचे. आणि दिरांकडून तिथल्या हॉस्पिटलचे डिस्चार्जचे कागद, विशेषतः कल्चर रिपोर्ट (जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते पाहिल्याचा), आजच मागवा. जखमेवर कोणतं औषध चालेल याचा आमचा दोन दिवसांचा अंदाजपंचे कारभार त्याने वाचतो.

प्रश्न : मग विमानतळावरच सगळ्यांना का तपासत नाहीत?

उत्तर : कारण कॅरियर आजारी दिसत नाही आणि कल्चरला दोन दिवस लागतात. नेदरलँड्समधल्या दोन हजार प्रवाशांची जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी झाली होती. साधारण तिघांतला एक जण ईएसबीएलवाले, म्हणजे बरीच नेहमीची अँटिबायोटिक्स फोडून टाकणारं एन्झाइम बनवणारे, जंतू पोटात घेऊन परतला. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत तर चारांतले तीन. त्यांतल्या बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप गेले. इतक्यांना विमानतळावर अडवून ठेवणार कुठे?

शिवाय जंतूला पासपोर्ट लागत नाही. कोलिस्टिन या शेवटचा उपाय म्हणून वापरायच्या अँटिबायोटिकला जंतू दाद देईनासा करणारा एमसीआर-1 हा जीन 2015 मध्ये चीनमध्ये डुकरं, मांस आणि माणसं अशा तिन्हींत सापडला. ही बातमी आल्यावर इतर देशांनी फ्रीझरमधले जुने नमुने काढून पाहिले, तर तिथेही तो आधीच येऊन बसलेला! चीनने 2017 मध्ये जनावरांच्या चाऱ्यात वाढीसाठी कोलिस्टिन घालणं बंद केलं, तेव्हा तिथलं त्याचं प्रमाण उतरलं. अडवायचं ते तिथे, चाऱ्याच्या पोत्यापाशी आणि हॉस्पिटलच्या दारापाशी.

प्रश्न : प्रवासात पोट बिघडलं तर म्हणून अँटिबायोटिकची स्ट्रिप बरोबर ठेवते. ठीक ना?

उत्तर : साध्या जुलाबांना ती घेऊ नका, ओआरएसची पाकिटं ठेवा. प्रवासात जुलाब झाले आणि वर अँटिबायोटिक घेतलं, त्यांच्यातच असे जंतू जास्त घरी येतात. रक्त पडलं किंवा जोराचा ताप भरला तर डॉक्टर गाठा. आणि ती स्ट्रिप परत आल्यावर शेजारणीला देऊ नका.