वाचकांचे प्रश्न : गोळ्यांनी चाळण झालेलं घर

प्रश्न : नोव्हेंबरात मुलीकडे नॅशव्हिलला जाणार आहोत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातलं एखादं खरं घर पाहायचं आहे, पण हाताशी दिवस एकच. शिवाय आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात. कुठलं पाहावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नॅशव्हिलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर फ्रँकलिन आहे. तिथली कार्टर हाउस आणि कार्नटन ही दोन्ही घरं एका दिवसात सहज होतात. दोन्हींत अंतर तीन-साडेतीन किलोमीटरचं, पण गाडी हवीच.

३० नोव्हेंबर १८६४ला दुपारी चारच्या सुमारास वीसेक हजार कॉन्फेडरेट (अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांचे) सैनिक दक्षिणेकडून फ्रँकलिनवर चालून आले. अंधार पडला तरी लढाई थांबली नाही. पाचेक तासांत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन्ही बाजूंचे दहा हजारांच्या आसपास सैनिक कामी आले किंवा निकामी झाले. कॉन्फेडरेटांचे सहा जनरल त्यात गेले.

आधी कार्टर हाउस पाहा. १८३०चं हे विटांचं घर युनियन (म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या) फौजेच्या फळीला अगदी लागून होतं. कार्टर कुटुंब आणि शेजारीपाजारी, वीसहून जास्त माणसं, तळघरात दडून बसली होती. कार्टरांचा मुलगा टॉड कॉन्फेडरेट फौजेत कॅप्टन होता. तो आपल्याच घराजवळ जखमी होऊन पडला आणि दोन दिवसांनी त्याच घरात वारला. मुख्य घराइतकाच वेळ मागच्या अंगणातल्या लाकडी कचेरीला द्या. हल्ला दक्षिणेकडून आला, म्हणून गोळ्यांची भोकंही दक्षिणेच्या भिंतीत जास्त. बाहेरून पाहून परत फिरू नका. आत गेल्यावर बाहेरची फळी भेदून आलेली गोळी आतल्या भिंतीतूनही पार झालेली दिसते. नोव्हेंबरात दुपारचं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, तेव्हा ही भोकं नीट उठून दिसतात. मात्र साडेचारनंतर सूर्य मावळतो, हे ध्यानात ठेवा.

मग कार्नटन. लढाईनंतर मॅकगेव्हॉक कुटुंबाच्या या घराचं इस्पितळ झालं. वरच्या मजल्यावरच्या दक्षिणेकडच्या खोल्यांत शस्त्रक्रिया चालल्या, आणि तिथल्या फळ्यांवर रक्ताचे डाग आजही आहेत. हातपाय इतके का कापावे लागत? तेव्हाची मिनिए गोळी मऊ शिशाची आणि जाड. हाडाला लागली की हाडाचा चुरा करी, आणि चुरा झालेलं हाड जोडण्याची सोय डॉक्टरांकडे नव्हती. घराजवळच्या स्मशानभूमीत सुमारे दीड हजार कॉन्फेडरेट सैनिक पुरले आहेत. रणांगणातल्या कबरींवरच्या लाकडी पाट्या कुजायला लागल्या, म्हणून १८६६मध्ये त्यांना इथे हलवलं.

आता गुडघ्यांचं. घराच्या आत गाईडसोबतच जावं लागतं, तेही ठरलेल्या वेळी. त्यामुळे पंधरा मिनिटं आधी पोचा. लिफ्ट नाही असंच धरून चाला. तिकीट काढतानाच पायऱ्यांचं सांगून ठेवलं, तर ह्यांना खालच्या मजल्यावर थांबता येईल का हे आधीच कळेल. ऐन जिन्यात विचारलं तर सगळा गट खोळंबतो. दोन्ही घरांचं तिकीट एकत्र मिळतं का, तेही तेव्हाच विचारून घ्या. भिंतीतल्या भोकात बोट घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. घालू नका, कडा झिजतात.

प्रश्न : अशा घरांतलं सामान खरंच त्या काळचं असतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : 'त्या काळचं' आणि 'त्या घरातलं' यात फरक आहे. बरंचसं सामान त्या काळचं, पण दुसरीकडून आणलेलं असतं. थोडं हुबेहूब नक्कल केलेलं. म्हणून गाईडला मोघम "हे ओरिजिनल आहे का?" असं विचारू नका, "ही वस्तू लढाईच्या दिवशी याच घरात होती का?" असं विचारा.

व्हर्जिनियातलं मॅकलीन हाउस हे याचं ठसठशीत उदाहरण. ९ एप्रिल १८६५ला कॉन्फेडरेटांचे जनरल ली यांनी युनियनचे जनरल ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली ती याच घराच्या दिवाणखान्यात. (गावाचंच नाव ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस. त्यामुळे शरणागती न्यायालयात झाली, असं पुष्कळ जण समजतात.) सह्या होताच अधिकाऱ्यांनी आठवण म्हणून सामान उचलायला सुरुवात केली. ग्रँट यांचं टेबल त्यांच्याच फौजेतले जनरल शेरिडन यांनी वीस डॉलरला घेतलं. ते आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. ली यांचं संगमरवरी माथ्याचं टेबल शिकागोच्या इतिहास संग्रहालयात आहे. म्हणजे दिवाणखान्यात दिसतात त्या नकला. खुद्द घरही पुन्हा बांधलेलं. वॉशिंग्टनला नेऊन संग्रहालय करायचं म्हणून १८९३मध्ये ते उतरवलं. पुढे पैसा उभा राहिला नाही आणि विटा-लाकूड तिथेच पडून राहिलं. आजचं घर १९४९मध्ये खुलं झालं. मॅकलीनांच्या मुलीची चिंध्यांची बाहुली मात्र अस्सल आहे. तीही एक अधिकारी घेऊन गेला होता. १९९०च्या दशकात ती परत आली. ती पाहायला घरात शोधू नका, पाहुण्यांच्या केंद्रात विचारा.

प्रश्न : गुलामांबद्दल तिथे काही दाखवतात का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : गाईडवर अवलंबून असतं, म्हणून आपणच विचारावं. कार्टरांचा कापूस कोण पिकवत होतं, कार्नटनचा स्वयंपाक कोण करत होतं, ही माणसं युद्धानंतर कुठे गेली? दिवाणखाना पाहून झाला की गुलामांच्या राहण्याच्या जागा कुठे होत्या ते विचारून घ्या आणि तिकडे चालत जा.