दुर्मिळ पक्षी दिसला तर त्याची नोंद कशी द्यायची? रिव्ह्यूअरचा मेल आला म्हणजे आपल्यावर विश्वास नाही असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर होडीतून फिरताना, ग्रेटर फ्लेमिंगोंच्या थव्यात एक लेसर, म्हणजे छोटा रोहित, दिसला, ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकला आणि नंतर तिथल्या नोंदी तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा मेल आला की वर्णन किंवा फोटो द्या, आणि ते वाचून तुम्हाला जरा लागलं. मी आमच्या भागातल्या नोंदी तपासायच्या कामात थोडीफार मदत करतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने काय चालतं ते सांगतो.

आधी हे डोक्यातून काढा की मेल तुमच्यावर संशय म्हणून आलाय. ईबर्डला प्रत्येक भागासाठी एक फिल्टर असतो, त्या महिन्यात त्या भागात अमुक पक्षी जास्तीत जास्त किती दिसणं नेहमीचं आहे तो आकडा त्यात भरलेला असतो, आणि नोंद त्याच्या बाहेर गेली की ती आपोआप रांगेत जाते. नाव कोणाचं आहे हे फिल्टर बघत नाही, वीस-तीस वर्षं पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदीही अशाच अडकतात. ठाणे खाडीत लेसरचे प्रचंड थवे असतात, तिथे टाकलात तर कोणी काही विचारणार नाही. उजनीच्या पाण्यावर नेहमीचा तो ग्रेटर, म्हणजे मोठा रोहित, त्यामुळे तिथून लेसर आला की थांबून बघावंच लागतं. आणि रांग तपासणारी माणसं कोणी पगारी नाहीत, नोकरीधंदा सांभाळून रात्री बसून हे करतात.

आता मुद्द्याचं. रिव्ह्यूअर तुमच्या होडीत नव्हता, त्याला पक्ष्याचं नाव नकोय, तुम्हाला काय दिसलं ते हवंय. बहुतेक कमेंट अशा येतात, 'लेसर फ्लेमिंगो, आकाराने लहान, चोच काळपट, खात्री आहे'. यातून काहीच ठरवता येत नाही, कारण ग्रेटरचं वयात न आलेलं पिल्लूसुद्धा मोठ्यांपेक्षा लहान दिसतं, अंगाने मळकट राखाडी-तपकिरी असतं आणि त्याची चोचही गुलाबी नसते, राखाडी असते. म्हणजे 'लहान आणि काळपट चोच' हे दोघांनाही लागू पडतं, आणि भिगवणच्या थव्यात अशी पिल्लं असतातच.

त्यापेक्षा असं लिहा: थव्याच्या डाव्या कडेला एकटा चरत होता, शेजारच्या ग्रेटरच्या जेमतेम खांद्याला त्याचं डोकं लागत होतं, चोच मुळापासून टोकापर्यंत गडद, बाकीच्यांची गुलाबी आणि फक्त टोक काळं हा फरक शेजारी शेजारी दिसला, अंग आणि पंख गुलाबी होते म्हणून पिल्लू नाही असं वाटलं, डोळ्याचा रंग दिसला नाही, ऊन आमच्या पाठीमागे होतं, अंतर साधारण पन्नास मीटर, दुर्बिणीतून चार-पाच मिनिटं बघितला. बस, एवढं पुरतं. यात 'डोळ्याचा रंग दिसला नाही' हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण जो न दिसलेलं न दिसलं म्हणून लिहितो त्याच्या बाकीच्या ओळींवर विसंबता येतं. शक्यतो हे तिथेच, फील्ड गाईड उघडायच्या आधी लिहा किंवा फोनवर बोलून ठेवा, एकदा पुस्तकातलं चित्र बघितलं की आपल्याला दिसलेलं आणि चित्रातलं यांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही.

फोटो धूसर आहे म्हणून टाकला नाही असं तुम्ही म्हणताय, तो टाकाच. चोच कुठवर गडद आहे एवढं कळलं तरी काम झालं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा मोबाईलने काढलेला फोटोसुद्धा चालतो. फक्त रंग वाढवू नका, घासून चकाचक करू नका, वर मोठ्ठा वॉटरमार्क नको, आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा. पक्ष्याचं नाव सुचवणाऱ्या मर्लिन ॲपने सांगितलं, ग्रुपवर सगळे लेसरच म्हणाले, हा पुरावा होत नाही.

जागेबद्दल एक सांगायचं राहिलं. नुसतं भिगवण लिहू नका, ते पाणी केवढं पसरलंय तुम्ही बघितलंय, कुंभारगावच्या बाजूला की डिकसळच्या, ते कमेंटमध्ये लिहा म्हणजे दुसरा कोणी जाऊन बघू शकेल. मात्र घरटं असेल किंवा माळढोकसारखा पक्षी असेल तर नेमकी जागा उघड करू नका, ग्रुपवर तर अजिबातच नको, फोटोसाठी गर्दी झाली की पक्ष्याचे हाल होतात.

एवढी चिकित्सा कशाला असं वाटत असेल तर आपल्या रानपिंगळ्याचं, त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचं बघा. त्याचे संग्रहालयांत जपलेले खरे नमुने सगळे एकोणिसाव्या शतकातले, आणि माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचा एक नमुना दाखवला होता. पुढे कळलं की तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, लेबल बदललेलं. ती खोटी जागा आणि तारीख इतकी वर्षं खरी धरली गेली, शोधणाऱ्यांची दिशाच चुकली. ते बाजूला सारून अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागी शोधायला गेले तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर महाराष्ट्रात शहाद्याजवळ पक्षी सापडला, १८८४ नंतर पहिल्यांदा! तुमची नोंद प्रामाणिक आहे हे मला दिसतंय, पण पन्नास वर्षांनी ती वाचणारा तुम्हाला ओळखत नसेल, त्याच्या हातात फक्त तुम्ही लिहिलेल्या चार ओळी असतील.

समजा सगळं लिहूनही रिव्ह्यूअर म्हणाला की एवढ्यावरून पक्कं होत नाही, तर वाद घालत बसू नका. नोंद तुमच्या स्वतःच्या यादीत राहते, फक्त सार्वजनिक नकाशावर येत नाही. तुम्हालाच शंका आली तर जात न सांगता नुसतं फ्लेमिंगो असं बदलायची सोय आहे, आणि ती नोंदही कामाची असते. चेकलिस्ट, म्हणजे त्या फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची ईबर्डवरची पूर्ण यादी, डिलीट मात्र करू नका, त्यातले बाकीचे शेकाटे, चक्रवाक, पट्टकदंब सगळे वाया जातात.

तर आज रात्रीच त्या मेलला उत्तर द्या, आठवण ताजी आहे तोवर, आणि तेच वर्णन चेकलिस्टमध्ये लेसरच्या पुढच्या कमेंटमध्येही टाका, मेलमधलं फक्त रिव्ह्यूअर वाचतो. त्या दिवशी होडीत अजून कोणी होतं का? असेल तर त्यांना चेकलिस्ट शेअर करा, त्यांचे फोटो त्यांनी त्यांच्याच कॉपीवर टाकायचे, आणि त्यांना काय दिसलं ते तुमचं न वाचता त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा.